डेव्हिल्स लेकचं कॅम्पिंग आणि मोहरीचं म्युझियम: आधी काय, मग काय

दर उन्हाळ्यात तोच प्रकार होतो. ग्रुपवर कुणीतरी विस्कॉन्सिनमध्ये मॅडिसनजवळ असलेल्या मिडलटनच्या नॅशनल मस्टर्ड म्युझियमचा फोटो टाकतं, खाली "अरे, जाऊया की!"ची रांग लागते, तासाभरात तारीख ठरते. मग कॅम्पिंगची जागा शोधायला बसल्यावर कळतं की त्या वीकेंडला डेव्हिल्स लेक या तिथल्या स्टेट पार्कात एकही जागा शिल्लक नाही. शेवटी हायवेलगतच्या कुठल्या तरी कॅम्पग्राउंडवर ट्रकांच्या आवाजात दोन रात्री काढायच्या आणि रविवारी संध्याकाळी म्युझियमच्या बंद दारासमोर उभं राहून सेल्फी काढायचा.

हा लेख शिकागो आणि आसपासहून टेंट घेऊन विस्कॉन्सिनला निघणाऱ्या कुटुंबांसाठी आहे. यात बहुतेकांचं चुकतं ते सामान नव्हे, क्रम. म्युझियमला प्रवेश फुकट आहे, आगाऊ वेळ घ्यावी लागत नाही, त्यामुळे तो बेत शुक्रवार ते रविवार कुठेही सरकवता येतो. कॅम्पची जागा सरकत नाही. म्हणून आधी जागा, जागेवरून तारीख, तारखेवरून रस्ता, आणि मोहरी सगळ्यात शेवटी.

## १. जागा धरणे

विस्कॉन्सिनच्या स्टेट पार्कांचं आरक्षण अकरा महिने आधी उघडतं. म्हणजे पुढच्या जुलैतली जागा या ऑगस्टमध्ये धरायची. ऐकायला अतिरेक वाटतो, पण डेव्हिल्स लेकच्या जून ते ऑगस्टमधल्या शुक्रवार-शनिवारसाठी हेच वास्तव आहे. राज्याच्या आरक्षणाच्या साइटवर खातं आधीच उघडून ठेवा, गाडीचा नंबर आणि पत्ता भरून ठेवा. जागा दिसल्यावर फॉर्म भरत बसलात तर तेवढ्यात दुसरा कुणीतरी ती नेतो.

डेव्हिल्स लेकला तीन कॅम्पग्राउंड आहेत: क्वार्ट्झाइट, नॉर्दर्न लाइट्स आणि आइस एज. क्वार्ट्झाइट बरंच मोकळं आहे. लहान मुलांना सायकली फिरवायला छान, पण दुपारी सावली कमी आणि शेजारच्यांच्या गप्पा शब्दन् शब्द ऐकू येतात. आइस एजला झाडी जास्त. मला विचाराल तर मुलं दहाच्या आतली असतील तर क्वार्ट्झाइट, नाहीतर आइस एज. नकाशावर प्रत्येक जागेचा नंबर आणि माहिती दिसते. ती न वाचता "मिळाली ना, घे" करू नका. आई-बाबा भारतातून आलेले असतील तर रात्री स्वच्छतागृहापर्यंत किती चालावं लागेल हा एकच प्रश्न आधी बघा. तळ्याचा देखावा नंतर.

एका जागेवर एक कुटुंब राहू शकतं. एका कुटुंबातले नसाल तर सहा जणांपर्यंत. "आम्ही चार कुटुंबं, एकाच जागेवर चार टेंट टाकू, कोण बघतंय" हा आपल्याकडचा लाडका बेत इथे चालत नाही. रेंजर फेरी मारतात, आणि रात्री नऊ वाजता उठवून दुसरी जागा शोधायला लावतात. शेजारशेजारच्या दोन किंवा तीन जागा धरा.

डेव्हिल्स लेक नाहीच मिळालं तर हिरमुसून बेत रद्द करू नका. मॅडिसनच्या पश्चिमेला ब्लू माउंड आहे, राज्याच्या पार्कांमधलं पोहण्याचा तलाव असलेलं एकमेव पार्क. त्याच रस्त्याने पुढे डॉजव्हिलजवळ गव्हर्नर डॉज आहे, तिथे दोन तळी आणि एक धबधबा आहे. दोन्हींकडून मिडलटन सोयीचं पडतं. खरं सांगायचं तर म्युझियमसाठीच निघाला असाल तर ब्लू माउंड डेव्हिल्स लेकपेक्षा जवळ आहे.

तपासा: आरक्षणाच्या ईमेलमध्ये जागेचा नंबर, येण्याची आणि जागा सोडण्याची वेळ, आणि रद्द करण्याचे नियम आहेत का? तो ईमेल फोनमध्ये उतरवून ठेवा, पार्कमध्ये सिग्नल मिळेलच असं नाही.

इशारा: ऑगस्टचा पहिला शनिवार हा नॅशनल मस्टर्ड डे. त्या दिवशी मिडलटनच्या रस्त्यावरच जत्रा भरते. जत्रेसाठीच जात असाल तर मजा आहे. शांतपणे म्युझियम बघायचं असेल तर तो वीकेंड टाळा.

## २. गाडी, स्टिकर आणि टोल

हा टप्पा छोटा आहे, पण वगळू नका.

कॅम्पिंगचं आरक्षण म्हणजे पार्कात गाडी नेण्याची परवानगी नव्हे. प्रत्येक गाडीला वेगळं प्रवेश स्टिकर लागतं, आणि दर नंबरप्लेटवर ठरतो. इलिनॉयच्या प्लेटला विस्कॉन्सिनपेक्षा जास्त पडतो. आरक्षण करताना स्टिकरचेही पैसे भरले असा बहुतेकांचा समज असतो. दोन किंवा जास्त दिवस राहणार असाल आणि वर्षात पुन्हा कुठल्याही पार्कात जायची शक्यता असेल तर रोजच्या स्टिकरपेक्षा वार्षिक परवडतं का याचा हिशोब घरीच करा. भाड्याची गाडी असेल तर वार्षिक स्टिकरचा काही उपयोग नाही, कारण ते त्याच गाडीला चिकटतं.

इलिनॉयच्या टोलनाक्यांवर रोख पैसे घेत नाहीत. आय-पास किंवा ईझी-पास (टोल आपोआप कापून घेणारा पास) नसेल तर टोल नंतर ऑनलाइन भरायचा असतो. घरी आल्यावर सगळे विसरतात आणि मग पत्र येतं. कॅलेंडरमध्ये आठवण लावा. विस्कॉन्सिनमध्ये टोल नाही.

निघण्याच्या आदल्या दिवशी चारही चाकांची हवा बघा. सामान आणि माणसांनी भरलेल्या गाडीला ड्रायव्हरच्या दारावरच्या स्टिकरवर लिहिलेली हवा हवीच. आणि स्टेपनीची हवा बघायला कोणीच जात नाही, तेव्हा तीही बघा.

## ३. सामान: तीन डबे, तीन वेळा

सामानाच्या लांबलचक याद्या इंटरनेटवर शेकड्यांनी आहेत. त्या छापून घेतल्या तरी माणूस चुकतो, कारण वस्तू असते पण सापडत नाही. त्यापेक्षा सामान कधी लागणार यावर वाटा.

पहिला डबा, पोहोचल्याबरोबर लागणारा: टेंट, ताडपत्री, खुंट्या, हातोडी, डोक्याला लावायचे दिवे, डास पळवायचं औषध, झाडू. हा डबा गाडीत सगळ्यात शेवटी ठेवायचा, म्हणजे सगळ्यात आधी निघेल.

दुसरा, स्वयंपाकाचा: शेगडी, प्रोपेनचे छोटे सिलिंडर, लायटर आणि दुसरा लायटर, तीन लिटरचा कुकर, एक पसरट कढई, उलथनं, सांडशी, पक्कड, भांडी घासायचं साहित्य, कचऱ्याच्या जाड पिशव्या.

तिसरा, झोपण्याचा: स्लीपिंग बॅगा, गाद्या, जाड चादरी, कोरडे मोजे.

टेंटवर "सहा माणसांचा" लिहिलेलं असतं ते सहा माणसं खेटून झोपली तर. चौघांसाठी सहाचा टेंट घ्या. स्लीपिंग बॅगवरचं तापमानही तसंच, तेवढ्या थंडीत तग धरता येईल असं ते सांगतं, गाढ झोप लागेल असं नाही. जूनमध्येसुद्धा इथे रात्री पन्नास फॅरनहाइटच्या आसपास पारा उतरू शकतो. आणि थंडी वरून कमी, खालून जास्त लागते. हवा भरलेल्या गादीतली हवा गार पडते आणि पाठ गोठते. गादीच्या वर एक जाड घोंगडी किंवा सतरंजी टाकली की निम्मा प्रश्न सुटतो.

तपासा: टेंट एकदा घराच्या अंगणात, ते नसेल तर सोसायटीच्या हिरवळीवर उभारून बघितला का? शेगडी पेटवून बघितली का? खांबातला तुटलेला दुवा कॅम्पवरच्या अंधारात सापडण्यापेक्षा घरी सापडलेला बरा.

## ४. कूलर आणि खाणं

कूलर बर्फ भरल्याबरोबर गार होत नाही. गॅरेजमध्ये तापलेला कूलर पहिला बर्फ स्वतःला गार करण्यातच संपवतो. म्हणून क्रम असा:

आदल्या रात्री कूलर घरात आणून त्यात थोडा बर्फ किंवा गोठवलेल्या बाटल्या ठेवा आणि झाकून टाका. सकाळी तो बर्फ काढून नवीन भरा. एक-दोन दिवस आधी पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवल्या तर त्या हळू वितळतात आणि वितळल्या की प्यायला पाणी होतं. फ्रीजमधून थेट, गार वस्तूच आत ठेवा. सकाळी केलेली, अजून कोमट असलेली उसळ कूलरमध्ये टाकली की सगळ्याच वस्तूंचं तापमान वर जातं.

कूलरच्या आत चाळीस फॅरनहाइट किंवा त्याखाली राहायला हवं. एक साधा थर्मामीटर आत टाकून द्या. दही, पनीर, चिरलेली फळं, शिजवलेला भात बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नयेत. बाहेर नव्वदच्या वर असेल तर एकच तास. आपल्याकडे शिजवलेला भात दिवसभर ओट्यावर राहतो म्हणून इथे जुलैच्या उन्हात गाडीतही राहील, असं मानू नका.

पेयांसाठी वेगळा कूलर न्या. मुलं दर दहा मिनिटांनी ज्यूस काढायला झाकण उघडतात, आणि त्याच कूलरमध्ये दही असेल तर ते शनिवारी दुपारीच आंबट होतं.

पहिल्या रात्री स्वयंपाक करू नका. दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी, भडंग. टेंट लावून झाल्यावर शेगडी पेटवून पिठलं घोटायची हौस रात्री अकराला भांडी घासण्यात संपते. शनिवारी सकाळी उपम्याचं घरी भाजून मिसळलेलं पीठ, गरम पाणी, झालं. मेतकूट-तूप-भात हा कॅम्पवरचा मी खाल्लेला सगळ्यात उत्तम पदार्थ आहे, त्यात चिरायचं काही नसतं.

इशारा: पाऊस आला म्हणून शेगडी, कोळसे किंवा हीटर टेंटमध्ये घेऊ नका. टेंटच्या दाराशी असलेल्या छोट्या पडवीतसुद्धा नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि माणूस झोपेतच जातो.

## ५. लाकूड

शेकोटीची लाकडं घरून नेऊ नका. विस्कॉन्सिनच्या स्टेट पार्कात राज्याबाहेरचं साधं सरपण आणायला मनाई आहे. पार्कापासून दहा मैलांच्या आतलं विस्कॉन्सिनचं लाकूड चालतं, किंवा राज्याने प्रमाणित केलेलं, तसं लेबल असलेलं. कारण लाकडाच्या सालीखाली बसून येणारे किडे. एमराल्ड अॅश बोररने इथली अॅशची झाडं मोठ्या प्रमाणावर मारली आहेत, आणि तो गावोगाव पसरायला असंच फुकट नेलेलं सरपण कारणीभूत ठरलं. पार्काजवळ विकत मिळतं, तिथेच घ्या. जंगलात पडलेल्या फांद्या गोळा करायच्या आधी पार्काचा नियम विचारा.

## ६. पोहोचण्याचा दिवस

शिकागोहून डेव्हिल्स लेक साधारण १९० मैल. रहदारी नसेल तर सव्वातीन तास, पण शुक्रवारी दुपारनंतर रहदारी नसणं म्हणजे दंतकथाच. जूनमध्ये साडेआठपर्यंत उजेड असतो. त्या हिशोबाने दुपारी दोनपर्यंत गाडी निघाली पाहिजे. पाचला ऑफिस संपवून निघणार असाल तर टेंट अंधारात उभारण्याची तयारी ठेवा, किंवा शुक्रवारी वाटेत एखाद्या मोटेलमध्ये झोपून शनिवारी सकाळी पोहोचा. दुसरा पर्याय महाग वाटतो, पण भांडण वाचतं.

जागेवर पोहोचल्यावर:

१. सगळ्यात आधी वर बघा. डोक्यावर वाळलेली, लोंबकळणारी फांदी असेल तर त्याखाली टेंट नको.
२. मग खाली बघा. खोलगट जागी पाणी साचतं. थोडा उंचवटा, पण डोकं वरच्या बाजूला येईल असा.
३. काटक्या, दगड झाडून काढा.
४. ताडपत्री टेंटच्या बुडापेक्षा किंचित लहान दुमडा. कडेने ती बाहेर आली की पाऊस तिच्यावर पडतो आणि घरंगळत थेट टेंटखाली जातो. "टेंट गळतो" म्हणून टेंटलाच दोष देतात, खरा चोर ही ताडपत्री असते.
५. टेंट उभारा, आणि आकाश निरभ्र असलं तरी वरचं पावसाचं आच्छादन लगेच लावा. मिडवेस्टमधलं वादळ निरोप देऊन येत नाही.
६. दोऱ्या ताणून सगळ्या खुंट्या ठोका. टेंट रिकामा असताना वाऱ्याने उडतो.

यानंतरच गाद्या, मग खाणं, मग शेकोटी. मुलांना आधी तळ्यावर नेऊन आणू म्हणून गेलात की परत येईपर्यंत अंधार झालेला असतो.

तपासा: जवळचं पक्कं बांधकाम कुठे आहे? विजा सुरू झाल्या तर टेंट ही सुरक्षित जागा नाही. पक्की इमारत किंवा काचा बंद केलेली गाडी.

## ७. रात्र

डेव्हिल्स लेकला खरा उपद्रव रॅकूनचा. हा प्राणी समोरच्या पायांचा हातासारखा वापर करतो. साधी कडी काढतो, झिप ओढतो, कूलरचं झाकण उचलतो. एकदा शेजारच्या टेबलावरची ब्रेडची पिशवी त्याने गाठ न फाडता सोडवली, एक एक स्लाइस काढली आणि टॉर्च मारला तरी शांतपणे चघळत बसला. त्याच्या चेहऱ्यावर अपराधी भाव नावालाही नव्हता.

त्यामुळे रात्री झोपण्याआधी सगळं खाणं, टूथपेस्ट, कचरा, मुलांच्या खिशातल्या चॉकलेटच्या चांदीसकट, गाडीत. काचा पूर्ण बंद. टेंटमध्ये काही खायचं नाही, झोपताना बिस्किटाचा तुकडासुद्धा नाही. फोडणीचा वास लागलेला नॅपकीन बाहेर वाळत टाकणं म्हणजे आमंत्रणच.

शेकोटी विझवायची ती पाणी ओतून, ढवळून, पुन्हा पाणी ओतून. हाताच्या पाठीने राख गार लागली तरच झोपायला जा. रात्री अकरा ते सकाळी सहा शांततेची वेळ. ब्लूटूथ स्पीकरवर गाणी, गाडीच्या रिमोट लॉकचं बीप, अंताक्षरी, सगळं त्याआधी बंद. पातळ टेंटमधून आवाज किती जातो याचा अंदाज आपल्याला शेजारचे घोरायला लागल्यावर येतो.

## ८. शनिवार

तळं ३६० एकरांचं, बाजूला पाचशे फूट उंचीचे, क्वार्ट्झाइट नावाच्या टणक दगडाचे कडे. ते बघायला सकाळी लवकर निघा. पूर्वेच्या कड्यावर जाणाऱ्या बॅलन्स्ड रॉकच्या वाटेला दगडी पायऱ्या आहेत, पण त्या उभ्या आणि ओबडधोबड आहेत. चपला, क्रॉक्स नकोत. गुडघे दुखणाऱ्यांनी तळ्याकाठची वाट धरावी.

तळ्याकाठचे वाहनतळ उन्हाळ्यात दुपारपर्यंत भरतात. तुम्ही कॅम्पग्राउंडमध्येच आहात, तेव्हा उत्तर किनाऱ्यावर चालत जा. गाडी काढली तर ती तळ्याकाठी उभी करायला जागा मिळत नाही.

वाटेवरून आल्यावर प्रत्येकाचं अंग बघा: गुडघ्यामागे, काखेत, कमरेच्या पट्ट्याखाली, केसांच्या कडेला. इथे 'लाइम' नावाचा आजार पसरवणारी गोचीड असते आणि ती तिळाएवढी असू शकते. चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ वर ओढा. तेल लावणे, काडी लावणे हे प्रकार करू नका.

इथे एक निर्णय: शनिवारी सकाळीच दिवसभर पाऊस दिसला तर म्युझियम आज करा. ते आपण सरकतं ठेवलं होतं ते यासाठीच. ओल्या टेंटमध्ये पत्ते कुटण्यापेक्षा मिडलटनला जा आणि रविवारी सकाळी तळं बघा. हवा चांगली असेल तर रविवारचा बेत तसाच ठेवा.

## ९. आवरणे

रविवारी सकाळी नाश्त्याआधी टेंटची सगळी दारं उघडा आणि आच्छादन काढून उन्हात टाका. दव पडलेला टेंट गुंडाळला तर घरी त्यावर बुरशी येते आणि तो वास पुढच्या वर्षीही जात नाही. ओलाच गुंडाळावा लागला तर घरी पोहोचल्याच्या संध्याकाळी पसरा.

कूलरमधलं पाणी ओतून द्या, दही-पनीर शंकास्पद वाटत असेल तर टाकून द्या. म्युझियममध्ये दीड तास जाणार आहे आणि गाडी उन्हात उभी असणार आहे.

जागेवरून सावकाश एक फेरी मारा. खुंट्या नेहमी राहतात.

## १०. म्युझियमला कधी आणि कसं

पार्कातून हायवे १२ ला लागा. सॉक सिटीवरून तो थेट मिडलटनला आणतो, पाऊण तासाच्या आसपास. नकाशाचं ॲप कधी कधी आंतरराज्य महामार्गावर पाठवतं, ऐकू नका. वेळ असेल तर मेरिमॅकची फेरी घ्या. विस्कॉन्सिन नदीवरून गाड्या नेणारी ही बोट फुकट आहे, एका वेळी पंधरा गाड्या बसतात आणि हिवाळा सोडून चालते. उन्हाळ्यात रविवारी मोठी रांग लागते. रांग लांब दिसली तर हायवे १२ वर परत जा.

म्युझियम मिडलटनच्या जुन्या बाजारपेठेत, हबर्ड अॅव्हेन्यूवर आहे. निघण्याआधी त्यांच्या साइटवर त्या दिवसाची वेळ बघा. दुपारी बारा-एकला पोहोचणं उत्तम, म्हणजे घाई होत नाही.

आधी जेवा, मग म्युझियम. हा सगळ्यात जास्त चुकणारा क्रम आहे. उपाशीपोटी मोहरी चाखत सुटलात तर पोटात आग पडते, आणि मुलं चिडचिडी होतात. उरलेल्या दशम्या बाहेर कुठे सावलीत खाऊन घ्या.

आत गेल्यावर दुकान आणि चव घ्यायचा काउंटर दिसतो. म्युझियमचा मुख्य संग्रह खालच्या मजल्यावर आहे. पाचशे नव्हे, पाच हजारांहून जास्त प्रकारच्या मोहरीच्या बाटल्या, पन्नासही राज्यांतल्या आणि सत्तरहून जास्त देशांतल्या. शिवाय मोहरीची जुनी भांडी. लोक दुकानातच रमतात, पिशव्या भरतात आणि खाली जायचं विसरतात. आधी खाली जा.

खालून आल्यावर चव घ्या, आणि तिचाही क्रम आहे. गोड आणि मधाची, मग पिवळी, मग अख्ख्या दाण्यांची भरड, मग दिजों (फ्रेंच पद्धतीची), आणि हॉर्सरॅडिश या झणझणीत मुळाची किंवा "एक्स्ट्रा हॉट" सगळ्यात शेवटी. उलट केलंत तर पुढच्या दहा मोहऱ्या एकसारख्याच लागतात.

"आम्ही ठेचा खाणारे, आम्हाला काय होणार" म्हणत थेट शेवटच्या बरणीला हात घालणारे हमखास आपलेच असतात. मिरचीचा तिखटपणा जिभेवर बसून राहतो. मोहरीचा जो तिखटपणा आहे तो वाफेसारखा उडणारा, सरळ नाकात चढतो आणि डोळ्यांतून पाणी काढतो. कैरीच्या लोणच्यासाठी मोहरी फेसताना तोंड पातेल्यावर आणलं असेल तर तोच झटका. फोडणीतल्या मोहरीला तो नसतो, कारण अख्ख्या दाण्यातलं जे द्रव्य तो तिखटपणा तयार करतं ते गरम तेलात निकामी होतं. दाणा चिरडून गार पाण्यात भिजला की मग खरा खेळ सुरू होतो. झटका बसलाच तर पाणी पिऊन फारसा उपयोग नाही, अर्धा मिनिट थांबा, आपोआप उतरतो.

इशारा: सगळ्या मोहऱ्या शाकाहारी नसतात. काहींत बेकनची चव, काहींत अँचोव्ही, बऱ्याच जणींत वाइन, बिअर किंवा व्हिस्की असते, दिजोंमध्ये तर बऱ्याचदा पांढरी वाइन असते. चाखण्याआधी काउंटरवर विचारा, विकत घेण्याआधी लेबल वाचा. कुणाला मोहरीची ॲलर्जी असेल तर अमेरिकेत ती लेबलवर ठळक लिहिण्याची सक्ती असलेल्या ॲलर्जींच्या यादीत नाही. नुसतं "मसाले" असंही लिहिलेलं असू शकतं.

## ११. काय घ्यायचं, कसं न्यायचं

दुकानात साधी पिवळी मोहरी घेऊ नका, ती कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते. भरड दाण्यांची एक बाटली घ्या. थालीपिठावर लोण्यासोबत ती फार छान जाते, आणि काकडीच्या कोशिंबिरीत दह्यात चमचाभर कालवली की फेसलेल्या मोहरीची आठवण येते. एखादी फळाची, मुलांसाठी. आणि एक तिखट, पाहुण्यांसाठी. एवढं पुरे. पंधरा बाटल्या घेणाऱ्यांच्या फ्रीजमध्ये बारा बाटल्या पुढच्या दिवाळीपर्यंत तशाच असतात.

बंद बाटली गाडीच्या प्रवासात खराब होत नाही, पण थेट उन्हात, डॅशबोर्डवर ठेवू नका. काचेच्या बाटल्या टी-शर्टात गुंडाळून, सामानाच्या मध्ये, खुंट्यांपासून लांब. उघडल्यावर फ्रीजमध्ये ठेवा, नाहीतर काही महिन्यांत तिखटपणा उडून नुसती आंबट पेस्ट उरते.

आई-बाबा भारतात परत जाताना बरणी देणार असाल तर ती चेक-इन सामानात द्या. मोहरीची पेस्ट सुरक्षा तपासणीत द्रव समजली जाते, आणि १०० मिलिलिटरहून मोठी बाटली हातातल्या बॅगेतून काढून घेतात. दोन झिपलॉकमध्ये, झाकणाला टेप लावून, साड्यांच्या मध्ये नाही, चपलांच्या पिशवीशेजारी.